घरी येणाऱ्या शुश्रूषा सेवेचे परीक्षण : दुखणे, आराम आणि झोप

घरी येणारी शुश्रूषा सेवा निवडताना इंजेक्शन देता येते का, लघवीची नळी सांभाळता येते का, माणूस वेळेवर येतो का, हे प्रश्न सगळेच विचारतात आणि ते विचारायलाच हवेत. पण ज्या आजारात रुग्ण बरा होण्याची शक्यता उरलेली नसते, तिथे सेवेची खरी कसोटी वेगळी असते : रुग्णाचे दुखणे किती आटोक्यात राहिले आणि त्याला किती शांत झोप मिळाली. माझ्या आईचा कर्करोग हाडांपर्यंत पसरल्यावर आम्ही दिवसपाळी आणि रात्रपाळीसाठी अशी एक सेवा घेतली. तिचे परीक्षण मी याच कसोटीवर करत आहे. माझी एक गंभीर तक्रारही असल्यामुळे सेवेचे नाव देत नाही.

सर्वात आधी लिहावेसे वाटते ते दुखणे विचारण्याच्या पद्धतीबद्दल. आमच्याकडे आलेल्या मुख्य सिस्टर रक्तदाबाचे यंत्र बाहेर काढण्याआधी आईशेजारी खुर्ची घेऊन बसल्या. दुखते कुठे, ठणकते की जळजळते की सळक येते, कशाने वाढते, कशाने बरे वाटते, हे त्यांनी सावकाश विचारले. आईचा स्वभाव असा की कोणीही विचारले तरी तिचे उत्तर ‘बरं आहे’ हेच असायचे. सिस्टर त्यावर थांबल्या नाहीत. ‘आई, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही, असं धरा. नुसतं पडून असताना किती आणि कूस बदलताना किती, ते वेगवेगळं सांगा,’ असे त्या म्हणाल्या. आईने पडून असताना ३ आणि कूस बदलताना ८ असे सांगितले. या एका उत्तरामुळे पुढची सगळी आखणी बदलली, कारण हाडांमध्ये पसरलेल्या कर्करोगाचे दुखणे हालचालीच्या वेळी अचानक उसळते आणि रुग्ण पडलेला असतानाच विचारले तर ते नोंदवहीत येतच नाही.

वेदनेबाबत रुग्णाचा शब्द प्रमाण मानावा, हे तत्त्व मार्गो मॅकॅफरी या अमेरिकन परिचारिकेने १९६८ मध्येच स्पष्टपणे मांडले होते. तरीही ‘चेहऱ्यावरून तर काही वाटत नाही’ असे म्हणणारे लोक आजही भेटतात. या सेवेतल्या सिस्टर तसे कधीच म्हणाल्या नाहीत. पुढे आई बराच वेळ गुंगीत राहू लागली आणि आकडा सांगणे तिला जमेना, तेव्हा त्यांनी श्वास, कण्हणे, चेहरा, शरीराची ठेवण आणि समजावल्यावर शांत होणे या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण देऊन बेरीज लिहायला सुरुवात केली. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत आहे. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारताना, बोलता न येणाऱ्या माणसालाही वेदना असू शकते, हे आवर्जून नोंदवले आहे. पलंगाजवळ त्याचा अर्थ इतकाच की कपाळावर आठी आणि मुठी आवळलेल्या असतील, तर रुग्ण गप्प आहे म्हणून तो आरामात आहे, असे धरून चालत नाही.

औषधांच्या बाबतीत सेवेची शिस्त चांगली होती. कर्करोगाच्या वेदनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात वेदनाशामक औषध घड्याळाप्रमाणे द्यावे असे सांगितले आहे, म्हणजे दुखणे परत येण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी द्यावे. तोंडाने घेतलेल्या साध्या मॉर्फिनचा परिणाम साधारण चार तास टिकतो. पाचव्या तासाला रुग्ण कळवळू लागल्यावर गोळी दिली, तर ती लागू पडेपर्यंतचा वेळ त्याला विनाकारण सोसावा लागतो. डॉक्टरांनी मधल्या उसळीसाठी जो जादा डोस लिहून दिला होता, तो सिस्टर आईला अंघोळ घालण्याच्या किंवा ड्रेसिंग बदलण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी देत आणि तासाभराने पुन्हा आकडा विचारून तो लिहीत. दुसरा आकडा लिहिला जातो का, ही मला चांगल्या शुश्रूषेची सर्वात खात्रीची खूण वाटते. ‘औषध दिले’ अशी नोंद कोणीही करतो. त्याने काय झाले, याची नोंद करणारे फार थोडे असतात.

मॉर्फिन सुरू झाल्या दिवसापासून पोट साफ होण्याच्या औषधाबद्दल सिस्टरांनी डॉक्टरांना विचारले. मळमळ आणि गुंगी बहुधा काही दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठता मात्र औषध चालू असेपर्यंत पाठ सोडत नाही, आणि पोट तटतटले की वेदनेत आणखी एका वेदनेची भर पडते. गिळणे अवघड झाल्यावर फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाचा, त्वचेवर चिकटवायचा पॅच आला, तेव्हाही त्यांची काळजी बारकाईची होती. दर ७२ तासांनी नवा पॅच वेगळ्या जागी लावायचा, त्यावर तारीख आणि वेळ लिहायची, जुना काढून चिकट बाजू आत येईल असा दुमडून टाकायचा, आणि त्या जागेवर किंवा आसपास गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवायची नाही, कारण उष्णतेने औषध त्वचेतून वेगाने आत जाते आणि श्वास मंदावण्याचा धोका असतो. शेकल्याने पाठीला बरे वाटते हे आम्हाला ठाऊक होते. पॅच लावल्यावर तेच धोक्याचे ठरू शकते, हे त्यांनीच सांगितले. ‘या औषधाची सवय लागेल’ या मामांच्या भीतीलाही त्यांनी उडवून लावले नाही. वेदनेसाठी नीट देखरेखीखाली घेतलेले औषध आणि व्यसन यांतला फरक त्यांनी शांतपणे समजावला आणि झोपाळूपणा व श्वासाची गती आपण का मोजतो, तेही सांगितले. डोस मात्र त्यांनी स्वतःच्या मनाने कधी वाढवला नाही. आकड्यांची वही समोर ठेवून डॉक्टरांना फोन केला, आणि योग्य मार्ग तोच आहे.

कूस बदलणे हे काम वाटते तितके साधे नाही. साधारण दोन तासांनी बाजू बदलावी असा नियम सांगितला जातो, पण बदलायची कशी, हे कोणी दाखवत नाही. सिस्टर आईला पूर्ण कुशीवर वळवत नसत. पाठीमागे लोड ठेवून साधारण ३० अंशांचा कल देत, म्हणजे भार माकडहाडावरही येत नाही आणि कमरेच्या बाजूच्या हाडावरही येत नाही. पिंढऱ्यांखाली सपाट उशी घालून टाचा गादीपासून अधांतरी ठेवत, गुडघ्यांच्या मध्ये मऊ उशी देत आणि वर सरकवताना आईला कधीही ओढत नसत. खाली घातलेल्या घसरत्या कापडी चादरीसह दोघांनी मिळून उचलून सरकवत. ओढल्यावर त्वचा जागेवर राहते आणि आतले मांस सरकते, आणि शय्याव्रणाची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात पुष्कळदा तिथूनच होते. लाल झालेल्या जागेवर चोळू नये, बोटाने हलके दाबून लाली पांढुरकी होते का ते पाहावे आणि होत नसेल तर लगेच कळवावे, हे त्यांनी मला हाताला धरून शिकवले. वळवण्याआधी त्या प्रत्येक वेळी सांगत : ‘आई, आता डावीकडे वळायचंय, तुम्ही हो म्हणालात की वळवते.’ ती ‘हो’ म्हणेपर्यंत थांबणाऱ्या या सेकंदांनी तिचा ताठरलेला खांदा सैल पडताना मी पाहिला आहे.

आता झोप. या विषयावर सेवेने जे केले, ते मी इतरत्र कुठेही पाहिले नव्हते. रुग्णालयात आईला पहाटे अंग पुसायला, मग तापमानाला, मग रक्त घ्यायला असे वेगवेगळे उठवले जाई. इथे रात्रपाळीच्या सिस्टर पहिल्या दिवशी वही घेऊन बसल्या आणि रात्रीची सगळी कामे त्यांनी एकत्र बांधली : औषध, लंगोट बदलणे, कूस बदलणे, तोंड ओले करणे हे सगळे एकाच फेरीत उरकायचे आणि मधला वेळ पूर्ण मोकळा सोडायचा. झोपेचे एक आवर्तन साधारण दीड तासाचे असते. दर पाऊण तासाला जाग आणली तर रुग्ण रात्रभर अंथरुणात असूनही विश्रांती घेत नाही, आणि झोप मोडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी तेच दुखणे जास्त जाणवते. म्हणून डॉक्टरांना विचारून रात्रीचा रक्तदाब बंद केला गेला; त्या टप्प्यावर त्या आकड्याने कोणताही निर्णय बदलणार नव्हता. एअर बेडचा पंप पलंगाच्या दांड्याला लटकवलेला होता, त्याची घरघर लाकडातून उशीपर्यंत पोहोचत होती. सिस्टरांनी तो काढून जाड कापडाच्या घडीवर जमिनीवर ठेवला. दिवा छताचा न लावता पलंगाखालचा लावला. खोलीच्या दाराशी कुजबुजत बोलणाऱ्या नातेवाइकांना त्यांनी बाहेर जाऊन बोलायला सांगितले, कारण अर्धवट ऐकू येणाऱ्या बोलण्याने रुग्ण अधिक अस्वस्थ होतो. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्येच हे बजावून ठेवले आहे. रुग्णालयाच्या वॉर्डात रात्री एखादा आवाजही ४० डेसिबलच्या वर जाऊ नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये केली. आमच्या घरात कोणी आवाज मोजला नाही, पण आईची रात्र बदलली आणि सकाळचा पहिला आकडा उतरला, हे वहीत दिसते.

सेवा कमी पडली ती दोन ठिकाणी. पहिली बाब लहान आहे. सिसिली सॉन्डर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारे केंद्र, सुरू केले. शरीराचे दुखणे, मनाची भीती, घरच्यांची चिंता आणि आयुष्याबद्दलचे प्रश्न हे सगळे मिळून रुग्णाची एकूण वेदना होते, हा विचार त्यांनी रुजवला. या सेवेकडे मनाच्या बाजूसाठी समुपदेशक नाही. सिस्टर आपल्या परीने आईजवळ बसत, तिचे ऐकत. पण ‘माझ्यानंतर यांचं कसं होईल’ या तिच्या प्रश्नाला एका पाळीत जमेल तेवढाच आधार मिळत होता.

दुसरी बाब गंभीर आहे. मुख्य सिस्टर रजेवर गेल्या तेव्हा कार्यालयाने बदली म्हणून जी व्यक्ती पाठवली, तिने वही उघडलीच नाही. आई गप्प आहे, म्हणजे दुखत नाही, असे समजून जादा डोस न देता ड्रेसिंग सुरू केले, वर सरकवताना काखेत हात घालून ओढले आणि रात्री दोन वाजता रक्तदाबासाठी उठवले. त्या रात्री आई पहाटेपर्यंत कण्हत होती. कार्यालयाला फोन केल्यावर ‘आमची सगळी माणसे प्रशिक्षित आहेत’ असे उत्तर आले. ती प्रशिक्षित असतीलही, मला ते अमान्य नाही. पण या रुग्णाला कूस बदलताना ८ दुखते, ही माहिती प्रशिक्षणातून येत नाही, ती आधीच्या पाळीने पुढच्या पाळीला द्यावी लागते. आजारी माणसाच्या घरी पाठवताना ही देवघेव गृहीत धरणे मला अक्षम्य वाटते.

म्हणून ही सेवा मी सुचवतो, पण एका अटीवर. नोंदणी करतानाच बदली माणसाने आधीच्या पाळीसोबत रुग्णाच्या पलंगाजवळ उभे राहून वही वाचायची, वेदनेचा आकडा, शेवटच्या डोसची वेळ, पॅचची जागा आणि कुशीची बाजू तोंडी समजून घ्यायची, हे लेखी मागा. आम्ही तसे मागितल्यावर कार्यालयाने मान्य केले. त्यानंतरच्या बदलीला आलेले ब्रदर पाळी सुरू होण्याआधी आले, वही वाचली आणि आईला पहिला प्रश्न त्यांनी दुखण्याचा विचारला.