कोल्हापूरची स्विफ्ट आणि मँचेस्टरची स्विफ्ट: वर्षभराच्या वापरानंतर

आधी गाडीची माहिती. मे २०२४ मध्ये भारतात आलेली नवीन पिढीची स्विफ्ट, पेट्रोल, पाच गिअरची मॅन्युअल. वापर निम्मा कोल्हापूर शहरात, उरलेला पुणे महामार्गावर आणि आंबोली घाटातून गोव्याकडे. वर्ष होऊन गेलंय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

लिहिण्याचं खरं कारण मात्र मावसभाऊ. तो मँचेस्टरजवळ राहतो आणि त्याच्याकडेही हीच स्विफ्ट आहे. घेतल्यापासून आमचा फोनवर वाद: त्याची गाडी "गपकन उचलते", माझी नाही. कागद काढून बघितले तर दोन्हीकडे झेड१२ई हेच इंजिन. तीन सिलिंडर, ११९७ सीसी, ताकद ८२ पीएस (म्हणजे अश्वशक्ती). टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, माझ्याकडे १११.७ न्यूटन मीटर, त्याच्याकडे ११२. मग भानगड काय?

गेल्या उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलो तेव्हा स्नेक पासच्या वळणावळणांच्या रस्त्यावर त्याची गाडी चालवायला मिळाली आणि उत्तर पहिल्या चढावरच कळलं. तिकडच्या इंजिनाला बेल्टने जोडलेली एक छोटी मोटर असते, आयएसजी म्हणतात तिला. पुढच्या सीटखाली छोटी लिथियम बॅटरी. मोटरची ताकद म्हणाल तर जेमतेम तीन पीएस, पण तिचा टॉर्क ६० न्यूटन मीटर आणि तोही अगदी खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असताना. तीन सिलिंडरचं टर्बो नसलेलं इंजिन नेमकं तिथेच मवाळ असतं. दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेऊन बाहेर पडताना मोटर मागून हात लावते. कागदावरच्या ८२ च्या आकड्यात हे दिसत नाही, कारण तो आकडा ५७०० आरपीएमचा आहे. रोजच्या चालवण्यात तिथपर्यंत जातो कोण?

आपल्याकडच्या गाडीत ही मोटर नाही. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय आहे, पण पुन्हा चालू होताना नेहमीचा स्टार्टर वाजतो आणि हलकी थरथर जाणवते. तिकडे ते काम आयएसजी करते, त्यामुळे कळतसुद्धा नाही. शहरात मी ती सोय बटण दाबून बंदच ठेवतो.

आता आपल्या घाटाचं. दाणोली सोडून आंबोलीकडे चढताना चार माणसं, डिकीत सामान आणि एसी चालू असेल तर तिसरा गिअर धरून ठेवायचा मोह सोडा. दुसरा टाका आणि इंजिनाला ओरडू द्या, मग ते व्यवस्थित ओढतं. आमच्या जुन्या स्विफ्टचं चार सिलिंडरचं इंजिन ९० पीएसचं होतं. तिथे तिसऱ्यात निभावून जायचं. दोन माणसं असतील तर मात्र नवीनबद्दल काहीच तक्रार नाही. क्लच लोण्यासारखा, शहरात उलट जुनीपेक्षा चपळ वाटते.

मायलेजचे आकडे दोन देशांचे शेजारी ठेवून भांडणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. आपला अधिकृत आकडा मॅन्युअलला लिटरला २४.८० किलोमीटर. ब्रिटनचा ६४.२ मैल प्रति गॅलन. तिथला गॅलन ४.५४६ लिटरचा, म्हणजे साधारण २२.७ किलोमीटर. मोटर जोडलेली, म्हणजे हायब्रिड असून कमी? नाही, मोजमाप वेगळं. आपल्या चाचणीत गाडी ताशी ९० च्या वर जातच नाही, युरोपच्या डब्ल्यूएलटीपी नावाच्या चाचणीत १३१ पर्यंत पळवतात. जपान डब्ल्यूएलटीपीचाच नियम वापरतं, पण त्यातला सगळ्यात वेगवान टप्पा गाळून, म्हणून तिथल्या मॅन्युअल हायब्रिडचा आकडा २५.४ दिसतो. तीन देश, तीन फूटपट्ट्या. मला स्वतःला महामार्गावर वीस-एकवीस आणि शहरात पंधरा-सोळा मिळतं.

त्यात पेट्रोलही एक नाही. आपल्या पंपावर आता वीस टक्के इथेनॉल, ब्रिटनमध्ये दहा टक्क्यांपर्यंत. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत आपल्या टाकीत सहा-सात टक्के ऊर्जा कमीच भरली जाते. इंजिन ई-२० साठीच बनवलेलं आहे, म्हणून पाइप-रबराची काळजी नाही, पण खिशाला फरक पडतो.

बाकीचे फरक बघायला मजा येते. आपल्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर, जपान-ब्रिटनमध्ये १२०. तिकडच्या गाडीने आमच्या कॉलनीतला स्पीडब्रेकर ओलांडून दाखवावा! जपानमध्ये रुंदी १६९५, कारण १७०० च्या वर गेलं की तिथला छोट्या गाडीचा वर्ग सुटतो. इतरत्र तीच गाडी १७३५. आपल्याकडे रेषा लांबीची आणि सीसीची: चार मीटरच्या आत आणि पेट्रोल १२०० सीसीपर्यंत असेल तरच कमी कर. सप्टेंबर २०२५ पासून तो जीएसटी १८ टक्के आहे, त्यापुढच्या गाड्यांना ४०. इंजिन ११९७ वर का थांबतं, याचं उत्तर इंजिनिअरपेक्षा सीए नीट देईल. आणि युरोपात कार्बनच्या मर्यादा इतक्या कडक आहेत की कंपन्यांना एकेका ग्रॅमसाठी झगडावं लागतं. तिथे ती छोटी मोटर परवडते, आपल्याकडे तिने नुसती किंमत वाढली असती. तरी वरच्या व्हेरिएंटला पर्याय म्हणून द्यायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत. सनरूफच्या आधी घाटातल्या माणसाला ती हवी.

ऑटोमॅटिकवाल्यांनीही परदेशी व्हिडिओ जपून बघावेत. तिकडे पट्ट्यावर चालणारा सीव्हीटी आहे, आपल्याकडे एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच-गिअर यंत्र टाकतं. दोन्हींचा स्वभाव पूर्ण वेगळा. एएमटी गिअर बदलताना क्षणभर श्वास घेते, सीव्हीटीत गिअर बदलणं हा प्रकारच नाही. याउलट सीएनजी आपल्याकडे आहे: ताकद उतरून ६९.७५ पीएस होते, पण किलोला ३२.८५ किलोमीटरचा दावा आहे. रोज इचलकरंजी-कोल्हापूर करणाऱ्याने तीच घ्यावी, डिकीचा नाद सोडून, कारण गॅसची टाकी तिथेच बसते. घाटात वारंवार भरून जाणार असाल तर टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका, घरची चारही माणसं बसवा, एसी लावा आणि शोरूमवाल्याला चढाचा रस्ता दाखवायला सांगा.