फ्लाय घेताना पिसं नका पाहू, आधी गळ पहा (माझे ४,५०० गेले)

भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडचा आहे मी, आमच्याकडं मालगुजारी तलाव भरपूर अन् त्यात मरळ. लहानपणापासून गरीनं मासे धरले, मागच्या वर्षी ८ वेटचा, म्हणजे मोठ्या माशाले चालन असा, फ्लाय रॉड घेतला. फ्लाय म्हणजे गळावर पिसं अन् सूत बांधून केलेला खोटा किडा. मरळीसाठी फ्लाय शोधून राहिलो होतो तं व्हॉट्सअॅपवर एक जण भेटला, परदेशी माल, हातानं बांधलेल्या, ३० फ्लायचा डबा ४,५०० ला. फोटो इतके सुंदर की मी दुसरं काही विचारलंच नाही. म्हटलं भाऊ, मरळीले चालन का? तं म्हणे, "बिनधास्त घ्या दादा, १४ न् १६ नंबरचे गळ आहेत, मोठे."

इथंच फसवलं त्यानं. फ्लायच्या गळाचा नंबर वाढला की गळ लहान होतो. १६ नंबर म्हणजे जेमतेम धानाच्या दाण्याएवढा, ट्राउट नावाच्या थंड पाण्यातल्या माशासाठी असतो तो. उलट्या क्रमानं १ नंबरपर्यंत आलं की पुढं १/०, २/० असे मोठे होत जातात अन् मरळीच्या जबड्याला तेच लागतात, वर वीड गार्ड (गळ झुडपात अडकू नये म्हणून लावलेली आडवी तार) पाहिजे, नाहीतर बेशरमाच्या झुडपात प्रत्येक कास्ट, म्हणजे फेक, अडकते.

तरी म्हटलं पैसे गेलेच आहेत तं तिलापियावर पाहू. हातभर लांब नाही, तळहाताएवढा तिलापिया लागला अन् गळ सरळ झाला, अक्षरशः खिळ्यासारखा! दुसऱ्या फ्लायचं डोक्याजवळचं सूत दोन कास्टमध्ये उलगडलं, शेवटची गाठ बांधून वार्निश लावलेलंच नव्हतं. ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणाऱ्या) म्हणून दिलेल्या तं पाण्यात टाकल्या की बुडायच्या, कारण पिसं कोंबडीची मऊ होती, तरंगायला कोंबड्याच्या मानेची ताठ पिसं लागतात. अंगठ्याच्या नखावर गळाचं टोक हलकं ओढून पहा, धारदार असलं तं नखात अडकते, माझ्या ३० पैकी २२ घसरले.

अन् हे 'हातानं बांधलेली' ऐकून जास्त पैसे देऊ नका बाप्पा, फ्लाय हातानंच बांधतात सगळ्या, केनियातून तं ढिगानं येतात.

नंतर तोच माणूस राखाडी रानकोंबड्याच्या पिसांची 'कलेक्टर पीस' २,००० ला एक अशी द्यायला लागला. त्या पिसांवर मेणासारखे ठिपके असतात, जुन्या काळी सॅमन माशाच्या फ्लायमध्ये वापरत, पण आपल्या रानकोंबड्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, असा व्यवहार करून कोर्टाच्या चकरा माराव्या लागतील. मी नाही म्हटलं अन् पैसे परत मागितले, तेव्हापासून नंबर ब्लॉक.

डबा जपून ठेवला आहे. कोणी असा डबा घ्यायच्या विचारात असाल अन् साकोलीच्या बाजूनं येणार असाल तं सांगा, सरळ झालेला तो गळ अन् सुटलेलं सूत हातात घेऊन पाहून जा.