गॅरार्ड 301 घेताना जे फेरे मी मोजले नाहीत

गॅरार्ड 301 हा तबकड्या वाजवणारा जुना टर्नटेबल घ्यायच्या विचारात कुणी असेल तर विक्रेत्याने पाठवलेला व्हिडिओ आधी आवाज पूर्ण बंद करून पाहा. तबकडीच्या लेबलावरचं एखादं ठळक अक्षर हेरा आणि घड्याळ लावून त्याचे फेरे मोजा. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगाला तीस सेकंदांत साडेसोळाच्या किंचित वर फेरे होतात. हे मोजायला मला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी तो व्हिडिओ निदान वीस वेळा पाहिला आणि वीसही वेळा डोळे मिटून ऐकत बसलो.

या यंत्राची ओढ मला फार जुनी. इंग्लंडमधल्या स्विंडनच्या कारखान्यात 1950 च्या दशकात ते बनू लागलं आणि बीबीसीच्या स्टुडिओंतही वापरलं गेलं. पट्टा नाही, मोटरच्या पायऱ्यांच्या पुलीला टेकून एक रबरी चाक फिरतं आणि तेच जड प्लॅटरच्या, म्हणजे तबकडी ठेवायच्या थाळीच्या, आतल्या कडेला धरून त्याला ओढतं. या चाकाला आयडलर म्हणतात. या रचनेमुळे तबल्याची थाप आणि खर्जातला सूर जसा ठाम उभा राहतो, तसा मी पट्ट्यावरच्या यंत्रांत क्वचित ऐकला आहे. एकदा एका परिचितांकडे ऐकलं आणि तेव्हापासून शोधात होतो.

विक्रेता बोलायला अत्यंत सभ्य. म्हणाला, हे सुरुवातीच्या काळातलं, राखाडी हॅमरटोन (हातोडीने ठोकल्यासारख्या खडबडीत) रंगाचं, ग्रीस बेअरिंगचं (प्लॅटर फिरतो तो आधार ग्रीसवर चालणारा) यंत्र आहे, आतलं सगळं मूळचं. सुरुवातीच्या यंत्रांना हाच रंग आणि हेच बेअरिंग असे. पुढे क्रीम रंग आला आणि त्यानंतर तेलावर चालणारं बेअरिंग. जाणकार आधीच्या यंत्रांना जास्त मोल देतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मी प्लॅटर काढून बेअरिंगचा फोटो मागितला. तो म्हणाला, ‘साहेब, इतकी वर्षं कुणी हात लावलेला नाही, आता कशाला उघडायचं?’ मला ते पटलं, किंबहुना त्याच्याबद्दल आदरच वाटला. दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे असं कळलं आणि मी पूर्ण रक्कम पाठवली.

खोकं आलं तेव्हा प्लॅटर स्पिंडलवर, म्हणजे मधल्या दांडीवर, तसाच होता. हा जाडजूड प्लॅटर प्रवासात बेअरिंगवर आपटत राहतो. तो काढून वेगळा बांधायचा असतो. ज्याला हे यंत्र माहीत आहे तो असं कधीच पाठवणार नाही, आणि तिथेच मला पहिली शंका यायला हवी होती.

तबकडी लावली. लहानपणापासून पाठ असलेली बंदिश, पण आवाज जड, खोल, झोपेतून उठल्यासारखा. पेटी काढून सूर लावून पाहिला. काळी एकमध्ये गायलेलं गाणं खालच्या काळी पाचच्या आसपास लागत होतं. वेगाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी फार फरक पडेना. ते बटण म्हणजे चुंबकाचा ब्रेक. तो वेग थोडा कमी-जास्त रोखतो, मोटरला पळवू शकत नाही.

जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे ते नेलं. त्यांनी प्लॅटर उचलला, पुलीकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘अहो, ही 60 हर्ट्झची आहे.’ यंत्र 60 हर्ट्झ वीज असलेल्या देशातून आलेलं, आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची (हर्ट्झ म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, तिची फ्रिक्वेन्सी). 301 मध्ये आतल्या जोडण्या बदलून 110 व्होल्टचं 220 करता येतं आणि कुणीतरी ते केलंही होतं. पण ही मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालते आणि फ्रिक्वेन्सी कोणत्याही ट्रान्सफॉर्मरने बदलत नाही. त्यासाठी पुलीच बदलावी लागते. 60 च्या पुलीवर 50 हर्ट्झची वीज दिली की 33⅓ चे साधारण 27.8 होतात, म्हणजे सूर सुमारे तीन अर्धस्वर खाली.

मग काकांनी स्क्रू काढले. भोकांच्या आत क्रीम रंग होता. राखाडी रंग वरून मारलेला. बेअरिंग तेलाचं निघालं, तेही प्रवासात ठेचकाळलेलं. आयडलरचं रबर कडक होऊन एका जागी चपटं झालेलं. तेलाचं बेअरिंग वाईट असतं असं मी मुळीच म्हणणार नाही, उत्तम चालतं ते. पण मला तसं सांगायला हवं होतं.

तरीही विक्रेत्याला पुलीचं माहीत नसेल असं मी स्वतःला समजावत होतो. त्या रात्री व्हिडिओ पुन्हा काढला आणि या वेळी फेरे मोजले. तीस सेकंदांत चौदासुद्धा पुरे झाले नाहीत. आणि गाणं मात्र अगदी अचूक पट्टीत वाजत होतं! तो आवाज त्या यंत्राचा नव्हताच. दुसऱ्या कुठल्यातरी यंत्रावरचं गाणं चित्रावर चढवलेलं होतं. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. हे कळलं तेव्हा पैशांपेक्षा त्या वीस वेळा मिटलेल्या डोळ्यांचं मला जास्त लागलं.

फोन केला. पहिल्यांदा ‘प्रवासात बिघडलं असेल’, दुसऱ्यांदा ‘तुमच्या विजेचा दोष’, तिसऱ्यांदा फोन लागलाच नाही.

दुरुस्तीला बरेच महिने गेले. 50 हर्ट्झची पुली मिळवली, नवा आयडलर बसवला, बेअरिंगचं तळाचं टेकण बदललं, मोटर ज्या स्प्रिंगांवर तोललेली असते त्या सारख्या करून घेतल्या. 50 हर्ट्झसाठी आखलेली, वेग तपासायची स्ट्रोबोस्कोपची चकती ठेवून साध्या बल्बखाली पाहिली, तर रेघा जागच्या जागी थांबल्या. आता तंबोरा सुरू होतो तेव्हा खोलीच्या भिंती मागे सरकल्यासारख्या वाटतात. वरचा खोटा राखाडी रंग मी खरवडून काढला. खालचा क्रीम रंग जागोजागी उडालेला आहे, पण तो त्याचा स्वतःचा आहे.

गेल्या महिन्यात एका मित्राने एक व्हिडिओ पाठवला. ‘301 मिळतंय, घेऊ का?’ तीच तबकडी, तोच लाकडी प्लिंथ (यंत्र बसवायची चौकट), तेच गाणं. माझं यंत्र माझ्यासमोर फिरत असताना. मी त्याला काही सांगितलं नाही, फक्त आवाज बंद करून मोज म्हटलं. पाच मिनिटांनी त्याचा निरोप आला: ‘चौदा होत नाहीत रे.’