पॉइंट की मॉड्यूल, डायनॅमो की अल्टरनेटर: क्लबच्या जुन्या गाडीत काय ठेवावं, काय बदलावं

जुनी गाडी क्लबात दाखल झाली की दोन परस्परविरोधी सल्ले मिळतात. पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारा यांत्रिक स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल घाला, डायनॅमो (जुन्या पद्धतीचा जनरेटर) काढून अल्टरनेटर बसवा आणि निर्धास्त फिरा, हा एक. कारखान्यातून आलेला स्क्रूसुद्धा हलवू नका, हा दुसरा. दोन्ही सल्ले बरोबर असतात, कारण देणाऱ्यांच्या गाड्यांचं काम वेगळं असतं. एकाची बॉनेट उघडून परीक्षकासमोर उभी राहते, दुसऱ्याची दिवसभर रॅलीत पळते. आपली कोणत्या कामाची, हे ठरल्याशिवाय पुढची तुलना निरुपयोगी. इथे धरलेली गाडी चार सिलिंडरची, १२ व्होल्टची, मुळात पॉइंट आणि डायनॅमो असलेली आहे.

इग्निशन

लुकास या ब्रिटिश कंपनीच्या चार सिलिंडरवाल्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागात) पॉइंटचा गॅप साधारण ०.३५ ते ०.४० मिमी असतो. कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजते, तसा गॅप कमी होतो, ड्वेल (पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन) वाढतो आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडतं. गाडी बंद पडत नाही, फक्त हळूहळू मरगळते, म्हणून मालकाच्या लक्षात येत नाही. गॅप आधी, टायमिंग नंतर. क्रम उलटा झाला तर टायमिंग पुन्हा करावं लागतं. कॅमला ग्रीस मोहरीच्या दाण्याएवढंच लावायचं. जास्त झालं तर उडून पॉइंटवर जातं. फीलर गेजच्या पात्यावरचं तेलही तिथे जळून काळा थर धरतं. शेवटी कोऱ्या कार्डाची पट्टी पॉइंटमधून ओढून घ्यायची.

पॉइंटच्या नावावर फुटणारी बरीच खापरं खरं तर कंडेन्सरची असतात. सुमारे ०.२ मायक्रोफॅरॅडचा हा तुकडा बिघडला की पॉइंटवर ठळक ठिणग्या उडतात, तोंडं जळतात. अनेकदा गरम इंजिन बंद पडतं आणि थंड झाल्यावर जणू काही घडलंच नाही असं सुरू होतं. जुना कंडेन्सर नीट चालत असेल तर केवळ वय झालं म्हणून फेकू नका.

इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलमध्ये रोटरखाली चुंबकाची कडी आणि प्लेटवर छोटा सेन्सर बसतो. घासणारं काहीच नसल्याने टायमिंग सरकत नाही, आणि कॅप लावल्यावर एक जादा वायर वगळता बाहेरून फरक कळत नाही. पण अटी आहेत. पॉइंटला कोणताही अर्थ (बॅटरीचं बॉडीला जोडलेलं टोक) चालतो, मॉड्यूलला नाही. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत निगेटिव्ह अर्थचं मॉड्यूल जोडलं तर ते तिथल्या तिथे जळू शकतं. कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाच्या) वायरी काढून दोन टोकांमधला रेझिस्टन्स मोजा: चार सिलिंडरच्या बहुतेक मॉड्यूलना सुमारे ३ ओहमची कॉइल लागते. बॅलास्टवाली (वेगळ्या रेझिस्टरसोबत चालणारी) १.५ ओहमची कॉइल थेट १२ व्होल्टवर जोडली तर करंट दुप्पट वाहतो आणि मॉड्यूल तापतं. इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू राहिलं तर साध्या मॉड्यूलचं हेच होतं (रेडिओ ऐकत बसणाऱ्यांसाठी हे खास). प्लगच्या वायरी रेझिस्टन्सवाल्या हव्यात. नुसत्या तांब्याच्या वायरींमधून येणारा विद्युत गोंगाट सेन्सरला चकवतो.

मॉड्यूल बसवून झिजलेला डिस्ट्रिब्यूटर मात्र सुधारत नाही. आधी ड्वेल मीटर लावा. रेस वाढवताना ड्वेल ३ अंशांहून जास्त हलत असेल तर शाफ्टचा बुश गेलाय. ॲडव्हान्सच्या (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगा ताणलेल्या असतील तर तोही दोष जसाच्या तसा राहतो.

रॅलीच्या गाडीला मॉड्यूलच योग्य. मात्र पॉइंट बहुधा सांगून जातात, मॉड्यूल न सांगता. म्हणून गॅप लावलेले पॉइंट आणि कंडेन्सर असलेली जुनी प्लेट, फीलर गेज आणि स्क्रू ड्रायव्हर डिकीत हवेत. वर्षाला मोजके किलोमीटर चालणाऱ्या प्रदर्शनाच्या गाडीत पॉइंट बदलण्याचं काही कारण नाही.

चार्जिंग

लुकासचा सी४० डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, १७एसीआर अल्टरनेटर ३६. महत्त्वाचा फरक आयडलिंगचा (रेस न देता इंजिन चालू असतानाचा) आहे: डायनॅमो तेव्हा जवळपास काहीच देत नाही. रात्री पावसात, गर्दीत अडकलेल्या गाडीत हेडलाइट, वायपर आणि हीटरचा पंखा मिळून बॅटरी खातात. दिवसा फिरणाऱ्या गाडीला २२ अँपिअर पुरतात. मागच्या बुशात तेलाचे दोन-तीन थेंब, ब्रशची तपासणी आणि बेल्टचा ताण एवढं सांभाळलं की झालं.

अल्टरनेटर बसवायचा तर पॉझिटिव्ह अर्थची गाडी बहुधा निगेटिव्ह करावी लागते. मग कॉइलच्या आणि अँमीटरच्या वायरी उलटवायच्या, इलेक्ट्रॉनिक रेव्ह काउंटर (इंजिनचे फेरे दाखवणारा मीटर) आतून बदलून घ्यायचा. मूळ अँमीटर ३० अँपिअरचा असेल तर ३६ त्याच्यातून नेऊ नका. काही गाड्यांत रेव्ह काउंटरची केबल डायनॅमोच्या पाठीमागून निघते. तिथे साधा अल्टरनेटर बसतच नाही. हौसेने डॅशबोर्डचे सगळे बल्ब एलईडी करणारे इथेच फसतात. चार्जिंगच्या लाल दिव्याचा २.२ वॉटचा बल्ब अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट देतो. त्याच्या जागी एलईडी लावला तर चार्जिंग सुरू होत नाही किंवा खूप रेस केल्यावर होतं. डायनॅमोच्याच आकारात बनवलेले अल्टरनेटरही मिळतात. परीक्षक आणि रात्रीचा प्रवास दोन्ही सांभाळायचे असतील तर तोच मार्ग.

ब्रेक ऑइल आणि टायर

डॉट ४ हवेतली ओल शोषतं, दर दोन वर्षांनी बदलावं लागतं आणि सांडलं तर रंग उतरवतं. सिलिकॉनचं डॉट ५ रंगाला काही करत नाही, उभ्या गाडीला बरं. पण त्यात हवेचे बुडबुडे रेंगाळतात आणि पेडल मऊ लागतं. दोन्ही कधीच मिसळायची नाहीत. बदल करायचा तर सगळे सील नवे घालूनच. डॉट ५.१ हे नावाने जवळचं वाटलं तरी डॉट ४ च्याच जातीचं आहे.

क्रॉसप्लाय (आतले धागे तिरके असलेले जुन्या पद्धतीचे) टायर दिसायला अस्सल, पण रस्त्यावरच्या चाकोऱ्यांमागे गाडी ओढतात. रेडियल पकड देतात, पार्किंगला स्टिअरिंग जड करतात. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय ही जोडी धोक्याची.

बदलाची नोंद

फिवा ही जुन्या गाड्यांच्या क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना. तिच्या ट्युरिन सनदेचा सूर असा, की गरजेपोटी केलेला बदल उलटवता यावा आणि काढलेले भाग जपून ठेवावेत. म्हणून काढण्याआधी वायरिंगचा फोटो घ्या, भागाला तारखेची चिठ्ठी बांधा, पत्र्याला नवं भोक पाडू नका. क्लबच्या बॅजची पट्टी बंपरच्या मूळ बोल्टांवरच धरता येते. फॉग लाइटही त्याच पट्टीवर चालतात, फक्त ग्रिलसमोर मधोमध नकोत. रेडिएटरची हवा अडते आणि चढावर तापमानाचा काटा लगेच वर सरकतो.