चांदोदच्या बोटीतल्या दोन बॅटऱ्या आणि प्रतापनगरचे मिस्त्रीकाका

वडोदऱ्यात प्रतापनगरच्या बाजूला ट्रक-ट्रॅक्टरचं वायरिंग करणारं एक छोटं दुकान आहे. तिथल्या मिस्त्रीकाकांनी फाल्गुनात आमच्या बोटीत दोन बॅटऱ्यांची जोडणी करून दिली. त्यावर आता एक अख्खा पावसाळा गेला. नर्मदाकाठच्या चांदोद, मालसर, नारेश्वर भागात ज्यांच्या छोट्या मोटरबोटी आहेत त्यांच्या कामाला येईल, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

बोट माझ्या मेव्हण्याची. १६ फुटी, फायबरची, मागे सेल्फ-स्टार्टचं ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं) इंजिन. बॅटरी एकच होती. माघातल्या अमावास्येला सासूबाईंना कर्नाळीला कुबेर भंडारीच्या दर्शनाला नेलं. अमावास्येची गर्दी, चार तास गेले. तोवर मुलं बोटीत दिवे लावून, मोबाइल चार्जिंगला लावून बसली होती आणि पाणी उपसायचा पंपही त्याच बॅटरीवर. परतताना बांबूनं काठ सोडला, सेल्फ मारला, तर नुसतं टक-टक. वर धरणाच्या वीजघरातून पाणी सुटलेलं, नदीला चांगलीच ओढ. सासूबाई डोळे मिटून जप करत राहिल्या. मेव्हण्यानं अंधारात इंजिनाचं झाकण काढून फ्लायव्हीलला दोरी गुंडाळली आणि चौथ्या ओढीला इंजिन धरलं. तोवर आम्ही पार मल्हारराव घाटाच्या खाली वाहत गेलो होतो. ती रात्र मी विसरणार नाही.

आधी दुसऱ्या एका दुकानात विचारलं होतं. त्यांचा सल्ला असा की घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी घ्या आणि जुन्या बॅटरीला जोडून टाका. हा सल्ला कुणीही ऐकू नये. ती बॅटरी ५० किलोच्या वर भरते, हलत्या बोटीत तिच्या झाकणांतून ॲसिड सांडतं. शिवाय दोन बॅटऱ्या कायमच्या एकमेकींना जोडल्या की दिवे दोघींनाही उतरवतात. मग दुसरी घेतली कशाला?

मिस्त्रीकाकांनी बॅटरीचं नावच काढलं नाही. पहिला प्रश्न, "पहेलां मने कहो, इंजिन बंध होय त्यारे शुं शुं चाले छे?" (इंजिन बंद असताना काय काय चालतं?) मी सांगत गेलो, ते बिलाच्या पाठीवर लिहीत गेले. पंप ३ अँपिअर, दिवे १, पाण्याची खोली दाखवणारं यंत्र १, मोबाइल २. एकूण ७, चार तासांचे २८. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून ७५ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी पुरे, असं म्हणाले. १५० ची विकली असती तर त्यांनाच जास्त पैसे मिळाले असते.

जोडणी अशी. जुनी बॅटरी फक्त इंजिनासाठी, नवी बाकी सगळ्यासाठी. दोन्हींचे निगेटिव्ह एकत्र, पॉझिटिव्हच्या मधे व्होल्टेज ओळखणारा रिले, म्हणजे आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच. इंजिन चालू झालं की आधी इंजिनाची बॅटरी भरते. व्होल्टेज १३.३ च्या आसपास गेलं की रिले दोन्ही जोडतो, इंजिन बंद होऊन ते १२.८ वर उतरलं की तोडतो. रात्रभर दिवे जाळले तरी सेल्फपुरती वीज शिल्लक राहते. प्रत्येक बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभराच्या आत फ्यूज, कारण फ्यूजच्या अलीकडची तार घासून शॉर्ट झाली तर तिला वाचवणारं काही नसतं. पंपाची तार मात्र मुख्य स्विचला वळसा घालून, आपला वेगळा फ्यूज घेऊन, सरळ नव्या बॅटरीवर. याचा उपयोग आषाढात कळला. बोट घाटाशी बांधलेली, सगळं बंद, रात्रभर पाऊस. सकाळी मेव्हणा गेला तेव्हा तळाशी जेमतेम बोटभर पाणी होतं.

काकांचा हात बघण्यासारखा आहे. केबल कल्हईवाल्या तांब्याचीच, कारण साधं तांबं दमट हवेत आतून हिरवं पडतं. लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या कड्या, डाग देऊन नाही, हायड्रॉलिक पकडीनं दाबून बसवायचे. प्रत्येक लग दाबला की ते पाय बोटीच्या कडेला टेकवून दोन्ही हातांनी केबल खेचून बघायचे. मग वर आवरणाची नळी चढवून गरम हवा द्यायची, ती आवळत जाते आणि कडेनं आतला डिंक मण्यासारखा बाहेर येतो. तो मणी चारी बाजूंनी दिसेपर्यंत काका हवा बंद करत नव्हते.

तक्रार आहे, तीही सांगतो. दोन दिवसांचं काम नऊ दिवस चाललं, स्विच मुंबईहून यायचा होता. आणि रिले त्यांनी आधी मागच्या खणात, पेट्रोलच्या टाकीशेजारी बसवला होता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशीच साठते. तिथे ठिणगी नको. ट्रकच्या सवयीनं हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मी म्हटल्यावर वाद न घालता अर्धा दिवस मोडून त्यांनी तो पुढे, उघड्या हवेत नेला, जादा पैसे घेतले नाहीत. पण बोट त्यांच्याकडे देणाऱ्यानं हे पहिल्याच दिवशी सांगावं.

बॅटरी, रिले, स्विच, केबल आणि मजुरी धरून ३१,००० रुपये झाले. केबल महाग पडते, पण तिथे काटकसर करू नका. इंजिन चालू असताना मुख्य स्विच बंद करायचा नाही, चार्जिंगचा रेक्टिफायर जळतो, हे त्यांनी मार्करनं झाकणावर गुजरातीत लिहून ठेवलं आहे.

मागच्या अमावास्येला सासूबाईंना घेऊन पुन्हा कर्नाळीला गेलो. चार तास दिवे, पंप, मोबाइल सगळं चालू होतं. निघताना नव्या बॅटरीवर १२.४ व्होल्ट, इंजिनाच्या बॅटरीवर १२.७. पहिल्या सेल्फला इंजिन धरलं. थोड्या वेळानं पुढच्या बाजूनं रिलेचा टक असा आवाज आला, तो सासूबाईंनीही ऐकला आणि "झालं का रे जोडून?" म्हणून विचारलं.

काका रविवारी चांदोदला येऊन काम करतात. जाण्यायेण्याचं पेट्रोल आपलं आणि जेवण घाटावर, त्यांच्याबरोबर.