नऊ महिने वापरलेला वेबकॅम: सहा वेळा बंद पडला, बिघडला एकदाच

गेल्या श्रावणात घेतलेला हा बाहेरून जोडायचा वेबकॅम मी रोज दोन-तीन तास वापरते. किंमत २,२९९ रुपये, १०८० पिक्सेल, ऑटोफोकस, दीड मीटर वायर, यूएसबी २.०. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिच्या ग्राहकसेवेबद्दल पुढे थोडं आहे, पण नाव घेऊन भांडायची खुमखुमी आता उरलेली नाही.

मी मिरजेत हार्मोनियम शिकवते. निम्मे विद्यार्थी समोर बसतात, निम्मे पडद्यावर: दोन पुण्याचे, एक मस्कतची आणि डब्लिनची एक भावंडांची जोडी. लॅपटॉपचा कॅमेरा झाकणात असतो, त्याला माझा चेहरा दिसतो. माझा चेहरा बघून कुणाला पेटी येत नाही. अंगठा खालून कधी घ्यायचा, कोमल गंधारावर कुठलं बोट पडतं, हे दिसायला कॅमेरा वरून हातांकडे बघणारा हवा. म्हणून लवचिक दांड्याचा स्टँड आणि त्यावर हा वेबकॅम.

आधी चित्राबद्दल. खिडकीतून उजेड येत असेल तर उत्तम, पट्टीवरचा ओरखडासुद्धा दिसतो. दिवेलागणीनंतर मात्र रवाळ दिसतं, आणि या किमतीत ते तसंच दिसणार. ट्यूबलाइटखाली पहिल्या दिवशी चित्रात काळसर पट्टे वरखाली सरकत होते. मला वाटलं, कॅमेराच सदोष आला. प्रत्यक्षात तो ६० हर्ट्झवर होता. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि कॅमेऱ्याचा ताल त्याच्याशी जुळत नाही. विंडोजच्या कॅमेरा ॲपमध्ये 'फ्लिकर रिडक्शन' नावाची सेटिंग आहे, तिथे ५० केलं आणि पट्टे गेले. तबलजी आणि पेटीवाला वेगवेगळ्या लयीत असले की असंच होतं.

ऑटोफोकसचा मला जाच झाला. हात हलला की कॅमेरा दचकतो, पुढे-मागे फोकस शोधत बसतो, आणि नेमकी तान घेताना सगळं धूसर. कॅमेऱ्याच्या प्रॉपर्टीजमध्ये फोकससमोरची 'ऑटो'ची खूण काढून पट्टीवर फोकस कायम केला. त्या दिवसापासून ऑटोफोकससाठी मोजलेले जास्तीचे पैसे पाण्यात. तुमचाही कॅमेरा एकाच जागी राहणार असेल तर फिक्स फोकसचा, दोन-पाचशेंनी स्वस्त कॅमेरा बघा.

स्टँड माझ्या समोरून येतो म्हणून चित्र उलटं यायचं. झूमच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये चित्र ९० अंशांनी फिरवायची सोय आहे, दोनदा दाबलं की सुलटं होतं. आणि पार्श्वभूमी धूसर करणारं फीचर चालू राहिलं तर ते अख्खी पेटी गिळून टाकतं. त्याला फक्त माणूस ओळखता येतो. मस्कतच्या मुलीची आई म्हणाली, "ताई, तुम्ही हवेत बोटं नाचवताय, पेटी कुठंय?"

आता बंद पडण्याबद्दल. सुरुवातीलाच सांगते, लेन्सवरचं ढापणं सरकवायला विसरल्याचे प्रसंग या सहांत धरलेले नाहीत. ते किती झाले ते विचारू नका.

पहिलं प्रकरण आठवड्याभरातच. तास सुरू असताना चित्र गोठायचं, मग विंडोजचा तो 'डुडुम' आवाज, चित्र गायब, पुन्हा 'डुडुम', चित्र हजर. दहा मिनिटांत चार-पाचदा. मी परत पाठवायच्या तयारीत होते. पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, कशात खुपसलाय ते आधी सांग." खुपसला होता चार तोंडांच्या हबमध्ये, दीडशे रुपयांच्या, स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या. त्यातच कीबोर्ड, माऊस आणि यूएसबी माइक. यूएसबी २.० च्या एका पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर वीज मिळायची हमी असते, आणि त्यावर चौघे बसले होते.

वीज हा एक भाग, दुसरा माहितीच्या वाटेचा. भाच्याने हिशोब मांडून दाखवला तेव्हा मला खरंच मजा वाटली. १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकाला २ बाइट, सेकंदाला ३० चित्रं: साडेबारा कोटींच्या आसपास बाइट, म्हणजे जवळजवळ १०० कोटी बिट दर सेकंदाला. यूएसबी २.० ची वाट कागदोपत्रीच ४८ कोटी बिटांची. म्हणून कॅमेरा चित्र आतच दाबून, लहान करून पाठवतो. दाबलेलं असलं तरी ते काही कमी नसतं, आणि त्याच हबच्या एकाच वायरीतून माइकही जात होता. कॅमेरा थेट लॅपटॉपच्या पोर्टात लावला, माऊस-कीबोर्ड हबवर ठेवले. त्यानंतर आजतागायत 'डुडुम' नाही. लांब एक्स्टेंशन वायर लावणाऱ्यांनीही हेच आधी तपासावं. साध्या वायरीला ५ मीटरची मर्यादा असते, आणि स्वस्त वायर त्याच्या आधीच मान टाकते.

दुसऱ्यांदा, गणपतीत. झूम म्हणतं कॅमेरा सुरू होत नाही, आणि कॅमेऱ्यावरचा निळा दिवा तर जळतोय. दिवा जळतोय म्हणजे कॅमेरा कुणालातरी चित्र देतोय. सकाळी डब्लिनच्या भावंडांशी ब्राउझरमधून बोलले होते, ती टॅब मागे उघडीच होती. एकाने कॅमेरा धरून ठेवला की सहसा दुसऱ्याला मिळत नाही. टॅब बंद केली, काम झालं. तेव्हापासून मी आधी दिवा बघते. जळत असेल तर चोर घरातच आहे. जळत नसेल तर पुढचा विचार.

तिसरं प्रकरण माझ्याच हातचं. कुणीतरी फॉरवर्ड पाठवला की कॅमेऱ्यातून चोरटे घरात बघतात. मी दिवाळीच्या साफसफाईच्या उत्साहात सेटिंग्जमधल्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त जाऊन हाताला लागेल ते बटण बंद केलं, सगळी नाही. पाडव्यानंतर तास सुरू केले तर झूममध्ये अंधार, ब्राउझरमध्ये अंधार, पण विंडोजच्या स्वतःच्या कॅमेरा ॲपमध्ये लख्ख चित्र. हे कोडं मला दोन दिवस सुटलं नाही. त्या पानावर ॲपांची यादी आणि प्रत्येकासमोर बटण असतं, त्यात झूम सापडेना. सापडणारच नाही. झूम, क्रोम वगैरे बाहेरून आणून बसवलेल्या प्रोग्रॅमना वेगळं बटण नसतं. त्या सगळ्यांचं मिळून एकच बटण यादीच्या खाली असतं: 'लेट डेस्कटॉप ॲप्स ॲक्सेस युवर कॅमेरा'. ते बंद होतं. ब्राउझरची परवानगी याहून निराळी, ती पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाच्या चिन्हावर दाबून त्या-त्या साइटपुरती बघायची. म्हणजे तीन कुलपं: विंडोजचं मोठं, डेस्कटॉप प्रोग्रॅमांचं, आणि साइटचं. एक जरी लागलेलं असलं तरी दार उघडत नाही.

चौथं कुलूप असतं हे डिसेंबरात कळलं. अँटिव्हायरसने कोपऱ्यात विचारलं होतं की हा प्रोग्रॅम कॅमेरा वापरू बघतोय, काय करू. विद्यार्थी वाट बघत होता, मी घाईत 'ब्लॉक' दाबलं. अँटिव्हायरसने ते कायमचं लक्षात ठेवलं. विंडोजच्या सगळ्या परवानग्या चालू, डिव्हाइस मॅनेजर (जोडलेल्या उपकरणांची विंडोजमधली यादी) म्हणतो 'धिस डिव्हाइस इज वर्किंग प्रॉपरली', आणि चित्र काळंठिक्कर. असं असेल तर अँटिव्हायरसमध्ये वेबकॅमच्या संरक्षणाचा भाग शोधा.

जानेवारीत लॅपटॉप झोपून उठला की कॅमेरा यादीतून नाहीसा व्हायचा, वायर काढून घातली की परत यायचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब'च्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करायची परवानगी दिलेली असते. ती खूण काढली, थांबलं. बॅटरी थोडी जास्त जात असेल, माझा लॅपटॉप तसाही सदोदित चार्जरला.

या पाच वेळांपैकी एकदाही ड्रायव्हरचा, म्हणजे कॉम्प्युटरला उपकरणाशी बोलायला लागणाऱ्या प्रोग्रॅमचा, संबंध नव्हता, हे मुद्दाम लिहिते. शोधलं की पहिला सल्ला 'ड्रायव्हर अपडेट करा' हाच मिळतो, आणि सोबत तो अपडेट करून देणारे फुकट प्रोग्रॅम. त्यांच्या वाटेला जाऊ नका. माझ्याकडचा, आणि आजकालचे बहुतेक यूएसबी वेबकॅम, यूव्हीसी नावाच्या एका सामायिक पद्धतीने बोलतात. तिचा ड्रायव्हर विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांत आधीच असतो. शंका आलीच तर डिव्हाइस मॅनेजरमधून कॅमेरा 'अनइन्स्टॉल' करा, वायर काढून पुन्हा लावा, तो आपणहून परत बसतो. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरला लावून बघणं. तिथे चालला तर दोष आपल्या घरात.

एप्रिलमध्ये मात्र तो शेजारीही चालला नाही.

विंडोजचं कॅमेरा ॲप म्हणत होतं की कॅमेराच सापडत नाही, खाली ४२४४ ने संपणारा लांबलचक कोड. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॅमेऱ्याऐवजी पिवळ्या त्रिकोणासह 'अननोन यूएसबी डिव्हाइस', कोड ४३. कधी मधेच दोन सेकंद चित्र यायचं. मग लक्षात आलं, स्टँडचा दांडा वाकवला की येतं. वायर मी त्या दांड्याभोवती वेलीसारखी गुंडाळली होती, दिसायला नीटनेटकं म्हणून. रोज दांडा वाकवायचा, रोज वायर पिळायची. नऊ महिने.

वॉरंटी एक वर्षाची, म्हणून ग्राहकसेवेला फोन लावला. पहिल्याने ड्रायव्हर परत टाकायला सांगितलं. दुसरी म्हणाली, मॅडम, कॅमेरा चालत नसल्याचं आम्हाला व्हिडिओ कॉलवर दाखवा. मी विचारलं, कशाने? मोबाइलवरून दाखवलं. चार दिवसांनी उत्तर आलं की वायरीला झालेली इजा वॉरंटीत बसत नाही. नियम पत्रकात लिहिलेला आहे, मी वाचला नव्हता. तरी ड्रायव्हरच्या नावाखाली दोन दिवस घालवले त्याचा राग आहेच.

स्टेशन रोडकडे एक मोबाइल दुरुस्तीवाला आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मित्र, मला 'काकू' म्हणतो. त्याने मागचे दोन स्क्रू काढून पाठ उघडली. आत नखाएवढ्या पाटीवर वायरीच्या चार तारा: लाल, काळी, पांढरी, हिरवी. लाल-काळी विजेच्या, पांढरी-हिरवी माहितीच्या. मल्टिमीटरची एक टोची पाटीकडे, दुसरी यूएसबीच्या तोंडात. लाल लावली, टीं. काळी, टीं. हिरवी, टीं. त्या मीटरचा स्वर माझ्या पेटीच्या तार षड्जाच्या जरा वर होता, कान ऐकत नाहीत काय करणार. पांढरी लावली, गप्प. वायर बोटांत धरून कॅमेऱ्यापासून वीतभर अंतरावर त्याने किंचित वाकवली, टीं. सोडली, गप्प. "काकू, वीज जातीया, पण बोलणं हितं तुटतंय," असं म्हणून त्याने तेवढा भाग कापून टाकला, रंगाला रंग जोडून डाग दिला, प्रत्येक तारेवर वेगळी नळी चढवून गरम हवेने आवळली. वीस मिनिटं, १२० रुपये.

पुन्हा घेईन का? हाच कॅमेरा घेईन, पण फिक्स फोकसचा मिळाला तर तो, आणि वायर काढता-घालता येणारा मिळाला तर डोळे झाकून तो. तशी वायर तुटली तर नवी आणून लावता येते, माझ्यासारखी पाठ उघडावी लागत नाही. ध्वनीबद्दल काही लिहिलं नाही कारण याचा आतला माइक मी पहिल्याच दिवशी बंद केला. पेटीचा आवाज त्यात पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो.

आता वायर दांड्याला गुंडाळत नाही. दोन ठिकाणी सुती नाडीने सैल बांधलीय आणि मधे झोळ ठेवलाय. कापल्यामुळे ती वीतभर आखूड झाली, लॅपटॉपपर्यंत पोचेना, तेव्हा लॅपटॉपच पाटावर पाट ठेवून वर उचलून घेतला.