माळ्यावरच्या फोल्डरमधलं पान

आकडा आधीच सांगून टाकतो. कॉमिक्सच्या एका बनावट पानावर घालवलेले चौदाशे पौंड. त्या वेळच्या भावानं दीड लाखाला थोडे कमी. बायकोला खरा आकडा कळला तो मी हे लिहायला बसलो त्याच्या आदल्या रात्री, त्यामुळे आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

ज्यांनी लहानपणी दादरला किंवा गिरगावात रद्दीवाल्याकडे बसून तळहाताएवढी इंग्रजी युद्धकॉमिक्स वाचली आहेत त्यांना हा नाद कसा लागतो ते सांगायला नको. स्कॉटलंडमधल्या डंडीहून निघणारं 'कमांडो' १९६१ पासूनचं. त्याच्या तीन वर्षं आधी, १९५८ साली, लंडनच्या ज्या कंपनीचं नाव पुढे फ्लीटवे झालं तिनं 'वॉर पिक्चर लायब्ररी' सुरू केली होती. चौसष्ट पानं, एक शिलिंग. आमच्यापर्यंत यायची तेव्हा मुखपृष्ठ फाटलेलं, पिन गंजलेली, मधली चार पानं गायब. जर्मन सैनिक मरताना 'आख्टुंग' आणि 'डॉनरवेटर' म्हणतात हे आम्हाला पाढ्यांच्या बरोबरीनं पाठ होतं. आतली चित्रं कोणी काढली ते मात्र कुठेच छापलेलं नसायचं. सगळ्या फसवणुकीचं मूळ तिथे आहे. नाव छापलेलं नाही म्हटल्यावर कोणतं पान कोणाचं हे जाणकारांनी नजरेनं ठरवायचं, आणि आपण जाणकार आहोत असं वाटायला किती वेळ लागतो?

पन्नाशीनंतर हातात थोडे पैसे आले तसा मी मूळ चित्रं घ्यायला लागलो. म्हणजे छापण्यासाठी चित्रकारानं जाड कागदावर शाईनं काढलेलं खरं पान. छापील पानापेक्षा बरंच मोठं असतं. संवादांचे फुगे वेगळ्या कागदावर लिहून वर चिकटवलेले, कडेला निळ्या पेन्सिलीनं मापं, चुकलेल्या जागी पांढरा रंग. 'कमांडो'ची बरीचशी चित्रं प्रकाशकांनी स्वतःकडेच ठेवली, त्यामुळे ती बाजारात कमी. फ्लीटवेचं तसं नाही. कंपनी दुसऱ्या कंपनीत गेली, ऑफिसं हलली, आणि गठ्ठे कुठे कुठे पांगले. अनोळखी चित्रकाराचं आतलं साधं पान साठ-सत्तर पौंडांत मिळून जायचं. माझ्यासारख्याला परवडणारं.

हा माणूस मला संग्राहकांच्या ओळखीतूनच भेटला. इंग्लंडमधल्या एका छोट्या गावातला, निदान तो तसं सांगायचा. पहिलं पान सत्तर पौंडांना घेतलं. खंदकात तीन सैनिक, एकाच्या तोंडात सिगारेट. पान खरं होतं, आजही खरंच आहे, हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय. पॅकिंग उत्तम, सोबत हातानं लिहिलेली चिठ्ठी. एखाद्याचा विश्वास सत्तर पौंडांत मिळत असेल तर महाग नाही, हे त्याला माझ्या कितीतरी आधी कळलेलं होतं.

मग गप्पा सुरू झाल्या, आणि इथे मीच तोंड उघडलं. माझे आजोबा मराठा पलटणीत होते. जून १९४२ मध्ये टोब्रुक पडलं तेव्हा पलटणीबरोबर पकडले गेले आणि नंतर इटलीत कैदेत राहिले. घरी त्यांचा एक फोटो, एक पदक आणि इटालियनमधले दहा-बारा शब्द एवढंच आलं. हे सगळं मी एका परक्या माणसाला चार ओळींत लिहून पाठवलं. त्यानं फार आपुलकीनं उत्तर दिलं. त्याचे काका म्हणे वाळवंटातच होते.

दीड महिन्यानं त्याचा निरोप आला. काका वारले, घर रिकामं करतोय, माळ्यावर एक फोल्डर सापडलाय, जुन्या युद्धकॉमिक्सची काही पानं आहेत, मला यातलं काही कळत नाही, तुम्हीच बघून सांगा. सोबत मोबाईलवर काढलेले तीन फोटो. लाकडी टेबल, त्यावर पान, टेबलाच्या कोपऱ्यात गरम कपाचा गोल पांढरट डाग. पानावर वाळवंट. दोन ट्रक, वाळूच्या पोत्यांआड सैनिक, आणि काळ्या शाईचे असे जाड, बेफिकीर फटकारे की माझ्या छातीत धडधडायलाच लागलं.

ह्यूगो प्रॅट. इटलीचा हा चित्रकार १९५९-६० च्या सुमारास फ्लीटवेसाठी युद्धकथा काढत होता. 'कॉर्टो माल्टीज' हे त्याचं गाजलेलं कॉमिक्स पुढे १९६७ साली आलं आणि तो युरोपभर गाजला. आता त्याची पानं फ्रान्स-इटलीच्या लिलावांत हजारो युरोंना जातात. मी कपाटातून पिवळा पडलेला अंक काढला. जाणकार जो प्रॅटचा मानतात असा एक अंक माझ्याकडे होता, पुनर्मुद्रणातला. त्यात तेच पान सापडलं! फोटो आणि अंक शेजारी ठेवून एकेक चौकट ताडून पाहिली. रेषेला रेष जुळत होती.

आता माझं वागणं ऐका. मी त्याला लिहिलं की पान बरं आहे, चित्रकार बहुधा कोणी इटालियन असावा, फार मोठं नाव नाही, तरी आजोबांसाठी म्हणून घेईन. भाव काय? तो म्हणाला, मला कल्पना नाही, तुम्हीच सांगा. मी सहाशे म्हणालो. त्याच्या बायकोच्या ओळखीच्या कुणी तरी म्हणे दोन हजार सांगितले होते. घासाघीस होऊन चौदाशेवर आलो. त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण एकच, एका बिचाऱ्या अजाण माणसाला आपण लुटतोय याची टोचणी. खरंच सांगतो, पश्चात्तापसुद्धा मलाच झाला होता.

लिलावाच्या साइटवर नको, तिथलं कमिशन दोघांचं वाचेल, असं तो म्हणाला. मला पटलं. मला तर घाई होती, पान साइटवर गेलं की दुसरा कोणी ओळखेल. रेडिंगला माझा भाचा असतो. त्यानं त्याच्या खात्यातून थेट त्या माणसाच्या खात्यात पैसे टाकले. चार दिवसांत पार्सल भाच्याकडे पोचलं आणि गणपतीला येताना त्यानं ते दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून, सुटकेसच्या तळाशी आडवं ठेवून आणलं.

मी मूर्ख नाही असं मला वाटत होतं, म्हणून भिंग काढून तपासलं. प्रिंटरच्या छपाईत भिंगाखाली ठिपके दिसतात. इथे एकही ठिपका नव्हता. शाई खरी, हातानं लावलेली, तिरक्या उजेडात किंचित चमकणारी. कागद पिवळसर. फुगे गळून पडलेले आणि त्यांच्या जागी तपकिरी डिंकाचे डाग, जुन्या पानांवर असतात तसेच. झालं. आरतीला आलेल्या प्रत्येकाला मी ते पान दाखवलं.

त्यात आमच्या मजल्यावरचे काका होते. वय अठ्ठ्याहत्तर. लोअर परळच्या एका छापखान्यात आयुष्य गेलं, आधी पेस्टिंगला, मग प्रोसेस कॅमेऱ्यावर, म्हणजे छपाईसाठी चित्रांचे फोटो काढण्यावर. कॉमिक्सचं त्यांना काडीचं कौतुक नाही. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पान नाकाशी धरलं, मग खिडकीपाशी नेऊन आडवं केलं.

"हे छापून आलंय म्हणालास?"

"हो काका. हा बघा अंक."

"हे पान प्रेसमध्ये गेलेलंच नाही."

मी हसलो. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि ट्रकच्या चाकाजवळ बोट धरलं. तिथे पेन्सिलीच्या दोन-तीन रेघा होत्या. पान हलवलं की त्या चकाकायच्या. काळ्या शाईच्या वर.

"आधी पेन्सिल, मग शाई. शिसं शाईच्या वरती कसं बसेल? हे नंतर ओढलंय, जुनं वाटावं म्हणून."

मग त्यांनी हॉलमधली फ्रेम उतरवायला लावली. ते सत्तर पौंडांचं पान. त्यावरचा एक फुगा अर्धा सुटलेला होता. काकांनी काच काढून नखानं फुग्याची कड अलगद उचलली. खाली सैनिकाचा खांदा होता, बंदुकीचा दस्ता होता. चित्रकार चित्र काढत जातो, फुगा नंतर कोणी तरी रबर सोल्यूशन लावून वर चिकटवतो, त्यामुळे फुग्याखालीही रेघा सापडतात. वाळवंटाच्या पानावर डिंकाच्या डागांखाली काहीच नव्हतं. प्रत्येक रेघ डागाच्या कडेशी येऊन थांबलेली. अगदी छापील अंकात फुग्याशी थांबते तशी. काढणाऱ्यासमोर मूळ चित्र नव्हतंच. त्याच्यासमोर छापील पान होतं, आणि फुग्याच्या पोटात काय आहे ते त्याला तरी कुठून दिसणार?

"आणि हे काय?" काकांचं बोट एका हेल्मेटवर. ब्रिटिश हेल्मेटवर जाळी असते. माझ्या अंकात ती जाळी स्वस्त कागदावर शाई पसरून बुजली होती, नुसता काळा डाग झाला होता, शेपटी असलेल्या पोपटासारखा. मोठ्या पानावरही तोच पोपट. शेपटीसकट. नीट रंगवलेला.

"एवढ्या मोठ्या कागदावर आर्टिस्ट जाळी काढेल की गोळा काढेल?" काका म्हणाले, आणि मोदक खायला बसले.

रेषेला रेष जुळते म्हणून मी ज्या गोष्टीवर खूश झालो होतो, तीच गोष्ट पान खोटं असल्याचं सांगत होती. अंक स्कॅन करायचा, मोठा करायचा, लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर ठेवून जाड कागदावर खऱ्या शाईनं गिरवायचा. कागद चहात बुडवायचा. भिंगातून ठिपके शोधणाऱ्याला ते सापडणार नाहीतच. नंतर मी तीनशे रुपयांची अल्ट्राव्हायोलेट टॉर्च आणली. अंधारात नवं पान निळसर पांढरं झळकलं, फ्रेममधलं मंद राहिलं. हा पुरावा पक्का नाही हे सांगितलं पाहिजे, कारण कागद पांढरा दिसावा म्हणून घालतात ती रसायनं पन्नासच्या दशकातल्या कागदांतही सापडतात. शाईवरचं शिसं आणि फुग्याखालची कोरी जागा मात्र वाद घालू देत नाही.

पान हातात येण्याआधी हे सगळं तपासता आलं असतं का? बरंचसं आलं असतं. मागच्या बाजूचा फोटो मी मागितलाच नव्हता. शिक्के, पानाचा क्रमांक, ऑफिसातल्या कोणाची सही असं काही ना काही बहुतेक तिथेच असतं. माझ्या पानाची पाठ कोरी होती. खिडकीजवळ पान तिरकं धरून काढलेला फोटो मागायला हवा होता, आणि फुग्याच्या डागांचा अगदी जवळून. हे मागितल्यावर विकणारा गप्प झाला की समजायचं. शिवाय विकत घेण्याआधी दुसऱ्या एखाद्या संग्राहकाला दाखवायचं. मी ते मुद्दाम टाळलं, कारण त्यानं आधी घेतलं तर?

अमेरिकन पानांच्या मागे असणाऱ्यांसाठी जाता जाता एक. तिथे १९६७ च्या सुमारास चित्रकारांचे कागद लहान झाले. त्याआधीची पानं छापील आकाराच्या दुपटीच्या आसपास असत, नंतरची अकरा बाय सतरा इंचांच्या कागदावर. १९६२ चं म्हणून कोणी 'सार्जंट रॉक' या अमेरिकन युद्धकॉमिक्सचं पान लहान कागदावर दाखवलं तर पुढचं संभाषण करायचं कारण नाही. ईसी कॉमिक्सच्या युद्धकथांची मूळ पानं त्यांचे मालक विल्यम गेन्स यांनी जपून ठेवली होती आणि नंतर ती रीतसर लिलावांतून बाहेर आली, तेव्हा त्या पानाचा प्रवास विकणाऱ्याला सांगता आला पाहिजे. माळा, काका आणि फोल्डर तिथे चालत नाहीत.

पैसे परत मिळाले का? नाही. त्याला लिहिलं तेव्हा उत्तर आलं, तेही सभ्य. मी कधीच प्रॅट म्हटलं नव्हतं, चित्रकाराबद्दल तुम्हीच लिहिलंत, किंमत तुम्हीच ठरवलीत. मी सगळे निरोप पुन्हा वाचले. खरंच, त्यानं एकदाही नाव घेतलेलं नव्हतं. 'मूळ' हा शब्दसुद्धा पहिला मी वापरला होता. भाच्यानं बँकेत तक्रार केली तर बँक म्हणाली, वस्तू मिळाली आहे ना, मग हा तुमचा आपसातला व्यवहाराचा वाद. साइटवरून घेतलं असतं तर 'वर्णनाप्रमाणे नाही' म्हणून परत मागायची सोय तरी होती. वाचवलेलं कमिशन असं महागात पडलं. भाच्यानं तिकडच्या पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक आला, पुढे काही नाही. तुमच्या इथल्या खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता असते. मला कळलं तेव्हा तीन आठवडे उलटले होते.

भाचा स्वतःला दोष देतो. त्याला मी सांगितलं की बाबा, तू नुसता पोस्टमन.

गेल्या महिन्यात एका विक्रीच्या पानावर नवं नाव दिसलं. गाव वेगळं, आणि या वेळी वारले होते आजोबा. लाकडी टेबल, कोपऱ्यात कपाचा गोल पांढरट डाग. टेबलावर वाळवंट, दोन ट्रक, आणि डावीकडच्या सैनिकाच्या हेल्मेटवर शेपटीसकट पोपट.